तारेचे वेढे मोजणारे यंत्र

विहिरीवरील पंपाची मोटार जळाली म्हणजे शेतकरी ती उतरवून तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगच्या दुकानात नेतो. तेथील कारागीर जळालेली गुंडाळी बाहेर काढतो, एका कॉइलमधील वेढे एकेक करून मोजतो, तारेची जाडी गेजने पाहतो आणि दोन्ही आकडे वहीत टिपून घेतो. मग तेवढ्याच जाडीची नवी तार तो लाकडी फर्म्यावर तेवढेच वेढे देऊन गुंडाळतो. या कामी त्याचे हात अतिशय सरावलेले असतात. परंतु मध्येच कोणी हाक मारली आणि वेढ्यांचा आकडा मनातून निसटला, तर ती कॉइल उलगडून पुन्हा आरंभ करण्यावाचून गत्यंतर नसते. तसे न करता अंदाजाने पुढे गेल्यास तीन फेजांच्या कॉइली असमान होतात, प्रवाहाची वाटणी बिघडते, मोटार तापते आणि ऐन हंगामात पुन्हा जळते. उभ्या पिकाचे पाणी अशा रीतीने एका साध्या मोजणीवर अवलंबून राहते.

ही मोजणी यंत्राकडून करून घेता येते. कारखान्यांतून अशी यंत्रे फार पूर्वीपासून वापरात आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र घरी अथवा शाळेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या किटमधील सुट्या भागांपासून बनविता येणारे लहान यंत्र हा आहे. त्याच्या मुळाशी तळहाताएवढ्या फलकावरील एक छोटा संगणक असतो. इटलीतील इव्हरिया या गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला ‘आर्डुइनो’ हा अशा फलकांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. आपल्याकडे नीती आयोगाने २०१६ साली सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू केल्यापासून हे नाव शाळांत परिचित झाले आहे. प्राथमिक शाळांतही देणगीदारांकडून वा लोकवर्गणीतून आलेली किटे क्वचित् आढळतात. ती पुष्कळदा कपाटातच राहतात. मुलांच्या हातून काही मोडेल आणि साठा नोंदवहीत त्याचे उत्तर द्यावे लागेल, ही शिक्षकाची भीती अगदीच अनाठायी नसते. तथापि त्याहून मोठी अडचण अशी की, या भागांचे नेमके काय करावे हेच कोणी सांगितलेले नसते. दिवा लागला आणि विझला, एवढ्या प्रयोगाने मुलांचे समाधान एक दिवस होते. वेढे मोजणाऱ्या यंत्राला गावात खरे प्रयोजन आहे, आणि ते समजून घेण्यास लागणारे गणित पाचवी ते सातवीच्या पुस्तकाबाहेरचे नाही.

प्रथम कॉइल म्हणजे काय ते पाहू. तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकत्व निर्माण होते, हे हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखविले. एका तारेचे हे चुंबकत्व क्षीण असते. परंतु तीच तार वेढ्यावर वेढा देऊन गुंडाळली असता प्रत्येक वेढ्याचा प्रभाव एकत्र होतो. इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी १८२५ साली नालाच्या आकाराच्या लोखंडावर तार गुंडाळून विद्युत्‌चुंबक तयार केला. त्यांची तार उघडी होती, त्यामुळे वेढे एकमेकांपासून दूर ठेवावे लागत. पुढचे पाऊल अमेरिकेतील आल्बनी येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या जोसेफ हेन्री या शिक्षकाने टाकले. त्यांनी तारेवर रेशमाचे आवरण दिले. आता वेढे एकमेकांना चिकटून, थरावर थर असे देता येऊ लागले. शाळेच्या सुटीत चालणाऱ्या या प्रयोगांतून १८३१ साली त्यांनी नऊशे किलोग्रॅमहून अधिक वजन उचलणारा चुंबक तयार केला. रेशमाची जागा आता इनॅमलच्या अत्यंत पातळ थराने घेतली आहे. बाजारात मिळणारी तांबूस चकाकणारी ‘वाइंडिंगची तार’ उघडी वाटते, परंतु ती उघडी नसते. तिचे टोक सँडपेपरने खरवडल्याशिवाय तिच्यातून दिवा लागत नाही, हे मुलांना अवश्य करून दाखवावे.

वेढ्यांच्या संख्येला एवढे महत्त्व का, याचे उत्तर ट्रान्सफॉर्मरमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. त्याच्या दोन कॉइलींतील व्होल्टचे प्रमाण वेढ्यांच्या प्रमाणाइतके असते. २३० व्होल्टच्या बाजूस २३०० वेढे असतील आणि दुसऱ्या बाजूस १२ व्होल्ट हवे असतील, तर तेथे १२० वेढे पाहिजेत. दहा वेढे कमी पडले तर ११ व्होल्टच मिळतील. येथे चूक किती झाली हे समप्रमाणाच्या साध्या उदाहरणाने काढता येते. वेढे मोजून होत असले तरी ते नीट शेजारी शेजारी बसणेही तितकेच अगत्याचे असते. तार एकावर एक चढली, खाली दबली आणि इनॅमल खरवडले गेले, तर शेजारचे दोन वेढे आतल्या आत जोडले जातात. अशा बंद झालेल्या एका वेढ्यातून मोठा प्रवाह फिरत राहतो आणि संपूर्ण कॉइल त्या एका ठिकाणापासून जळत जाते.

तेव्हा यंत्राला दोन कामे करावयाची असतात : वेढे मोजणे, आणि प्रत्येक वेढ्यागणिक तार तिच्या जाडीइतकी बाजूला सरकविणे. शिवणयंत्रावर बॉबिन भरताना दोरा मागेपुढे सरकविण्याचे काम शिंपी बोटाने करतो, विणकर कांडी भरताना तेच करतो. सुताच्या दोऱ्याला बोटाचा अंदाज पुरतो. पाव मिलिमीटर जाडीच्या तारेला तो पुरत नाही.

शाळेत प्रथम करावयाच्या यंत्रात कॉइलचा कणा हाताने फिरवावा. दोन्ही कामे मोटारीवर सोपविण्याचा मोह होतो, परंतु हात चालत असला म्हणजे तार कोठे अडली, कोठे सैल पडली, हे बोटांना कळते. शिवाय खर्च निम्म्याने कमी होतो. लाकडी फळीवर दोन उभे ठोकळे बसवून त्यांच्या छिद्रांतून सहा मिलिमीटर जाडीचा सळईचा तुकडा आडवा घालावा. त्यावर ज्या पोकळ नळीवर तार गुंडाळावयाची ती दोन्ही बाजूंनी आवळून बसवावी आणि सळईच्या टोकाला मूठ लावावी. येथपर्यंतचे काम गावचा सुतार अर्ध्या दिवसात करून देतो, आणि मुलांनी त्याच्या शेजारी बसून ते पाहणे हाही पाठच होय.

तार सरकविण्यासाठी याच सळईला समांतर एक आटे पाडलेला दांडा लागतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सहा मिलिमीटरच्या दांड्याचे आटे बहुधा एक मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे दांडा एकदा पूर्ण फिरला की त्यावरील नट एक मिलिमीटर पुढे जातो. हा नट एका लहान ठोकळ्यात घट्ट बसवावा आणि ठोकळा दांड्याबरोबर फिरू नये म्हणून त्याच्या दुसऱ्या छिद्रातून एक गुळगुळीत सळई जाऊ द्यावी. ठोकळ्यावर बारीक छिद्राचा मणी बसविला की त्यातून तार ओवता येते. दांडा फिरविण्यासाठी किटमध्ये नेहमी आढळणारी पाच व्होल्टची छोटी स्टेपर मोटार पुरेशी होते. साधी मोटार वीज दिली की फिरतच राहते. स्टेपर मोटारीचे तसे नसते. तिला एक इशारा दिला की ती एकच पायरी सरकते आणि थांबते. आतील दातेरी चाकांमुळे या छोट्या मोटारीच्या एका पूर्ण फेऱ्यात सुमारे २०४८ पायऱ्या येतात. मोटार फलकाला थेट जोडू नये. तिच्याबरोबर मिळणाऱ्या छोट्या चालक-फलकाच्या मार्फत जोडावी आणि तिला पाच व्होल्टचा वेगळा पुरवठा द्यावा. दोन्ही पुरवठ्यांच्या ऋण तारा मात्र एकत्र जोडल्या पाहिजेत. त्या जोडावयाच्या राहिल्या म्हणजे मोटार जागच्या जागी थरथरते, आणि मुले मोटारच बिघडली असे समजतात.

आता गणित पाहावे. इनॅमलसह तारेची जाडी ०.२५ मिलिमीटर आहे असे समजू. (ती शोधण्याची रीत सोपी आहे. पेन्सिलीवर तारेचे चाळीस वेढे चिकटून द्यावेत, त्यांची एकूण रुंदी पट्टीने मोजावी आणि चाळीसने भागावे. दहा मिलिमीटर भरली तर जाडी पाव मिलिमीटर.) एका वेढ्यामागे मणी ०.२५ मिलिमीटर सरकावयास हवा. दांड्याचा पूर्ण फेरा एक मिलिमीटरचा, म्हणून पाव फेरा पाहिजे; आणि २०४८ चा चौथा हिस्सा ५१२. म्हणजे मूठ एकदा फिरली की संगणकाने मोटारीला ५१२ इशारे द्यावयाचे. नळीवर तार बसण्याची जागा २० मिलिमीटर असेल तर एका थरात ८० वेढे बसतील. हजार वेढ्यांसाठी बारा पूर्ण थर होऊन वर चाळीस वेढे उरतील. प्रत्येक ऐंशी वेढ्यांनंतर मोटारीची दिशा उलट करावयाची, हेही यातूनच निघते. दशांश अपूर्णांक, भागाकार आणि बाकी यांचा असा उपयोग फळ्यावरील उदाहरणांत सहसा पाहावयास मिळत नाही.

मूठ फिरली हे संगणकाला कळावे कसे? सळईवर एक लहान चुंबक चिकटवावे व त्याच्या वाटेत, तीनचार मिलिमीटर अंतरावर, चुंबक समोर येताच मिटणारी कळ बसवावी. प्रत्येक फेऱ्यात ती एकदा मिटते. योजना इतकी सोपी आहे की ती प्रथमच बरोबर चालेल असे वाटते. परंतु तसे होत नाही. कळीतील धातूच्या पट्ट्या मिटताना, दार जोराने लावले असता ते जसे चौकटीवर दोनतीनदा थडकते, तशा काही सहस्रांश सेकंद थडकत राहतात. माणसाला ते जाणवत नाही. संगणकाची घडी एका सेकंदात एक कोटी साठ लक्ष वेळा टिकटिकते. त्याला ते दोनतीन वेगळे फेरे वाटतात. म्हणून तार न लावता प्रथम नुसती मूठ फिरवावी. एका मुलाने मोठ्याने शंभरपर्यंत मोजावे आणि दुसऱ्याने फलकावर उमटलेला आकडा लिहावा. तेथे १३७ आले तर वर्गात हशा पिकतो, परंतु हाच क्षण शिक्षकाने दवडू नये. यंत्र मुलाहून वाईट का मोजते, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तराची घाई करू नये. उपाय असा की, एक फेरा मोजल्यावर पुढील पन्नास सहस्रांश सेकंदांत आलेले इशारे मोजूच नयेत, अशी आज्ञा संगणकाला द्यावयाची. माणसाचा हात इतक्या अल्प काळात दुसरा फेरा पूर्ण करू शकत नाही. ज्यांच्या किटमध्ये हॉल संवेदक असेल त्यांनी कळीऐवजी तो वापरावा. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर तो चालतो, त्यात हलणारी पट्टीच नसते, आणि ही अडचण जवळजवळ उद्भवत नाही. तरी प्रथम कळ वापरून चूक पाहू देणे शिक्षणाच्या दृष्टीने अधिक हितावह होय.

आज्ञावली इंग्रजी शब्दांत लिहावी लागते, म्हणून ती कठीण वाटते. प्रत्यक्षात तिचा आशय मराठीत असा मांडता येतो : चुंबक समोर आले आहे काय ते पाहा. आले असेल आणि मागील वेळेपासून पुरेसा काळ लोटला असेल, तर वेढ्यांच्या संख्येत एक मिळवा आणि मोटारीला ५१२ पायऱ्या चालवा. संख्येला ऐंशीने निःशेष भाग गेला तर दिशा उलट करा. संख्या हजार झाली तर घंटी वाजवा. नाहीतर पुन्हा पहिल्या वाक्यापासून आरंभ करा. एवढीच वाक्ये संगणक अखंड वाचीत राहतो. ही वाक्ये जाड कागदाच्या पट्ट्यांवर लिहून, त्यांचा क्रम चुकवून, मुलांना योग्य क्रम लावावयास सांगितल्यास किट हाती नसलेल्या शाळेतही हा पाठ घेता येईल. एका मुलाने संगणक व्हावे, दुसऱ्याने मोटार व्हावे. ‘संगणक’ झालेला मुलगा सांगितल्यापेक्षा अधिक काही करू लागला की बाकीची मुले त्याला लगेच टोकतात. संगणकाला स्वतःची समज नसते, हे व्याख्यानाने पटत नाही ते या खेळाने पटते.

हे यंत्र चालविताना काही मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. छोटी मोटार मंद आहे. ५१२ पायऱ्यांना तिला सुमारे दीड सेकंद द्यावा. याहून वेगाने मूठ फिरविल्यास वेढे पुढे जातात आणि तार मागे राहते. मोटार चालू असेपर्यंत लाल दिवा लावून ठेवण्याची आज्ञा दिली तर मूठ फिरविणाऱ्याला थांबावयाचे कळते. या गतीने हजार वेढ्यांस पंचवीस मिनिटे लागतात, म्हणजे काम एका तासिकेत बसते. मूठ उलटी फिरविली तरी यंत्र वेढा वाढलाच असे समजते, यास्तव चुकलेला वेढा सोडविताना मोजणी थांबविणारे एक बटन असावे. दिशा बदलताना नटाच्या ढिलाईमुळे मणी क्षणभर जागीच राहतो आणि थराच्या काठाशी तारेचा उंचवटा तयार होतो. ठोकळ्याला एका बाजूस ताणणारा रबराचा पट्टा बांधला की ही ढिलाई बरीचशी नाहीशी होते. तारेचा ताण सर्वांत नाजूक. सैल तार ढासळते, फार ताणलेली तार बारीक होते किंवा तुटते. तारेच्या रिळापासून मण्यापर्यंतच्या वाटेवर लोकरी कापडाचे दोन तुकडे कपडे वाळत घालावयाच्या चिमट्यात धरून त्यांमधून तार जाऊ द्यावी. एवढ्याने बहुधा काम भागते.

मोटारीवर चालणारे मोठे यंत्र वरच्या वर्गांसाठी अथवा गावातील तरुणांसाठी आहे. त्यात कणाही स्टेपर मोटारच फिरविते. नेहमीच्या मोठ्या स्टेपर मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पायऱ्या असतात, आणि तिचा चालक-फलक प्रत्येक पायरीचे सोळा भाग पाडू शकतो. म्हणजे एका वेढ्याला ३२०० इशारे. आठ मिलिमीटरच्या दांड्याचे आटे सव्वा मिलिमीटर अंतरावर असतात, तेव्हा पाव मिलिमीटर सरकण्यासाठी पाचवा हिस्सा फेरा, अर्थात ६४० इशारे पुरतात. कण्याला पाच इशारे, तेव्हा दांड्याला एक. या यंत्रात कळ नको, चुंबक नको, कारण इशारे देणाऱ्यालाच मोजणी ठाऊक असते. ६४० हा आकडा जुन्या शिक्षकांना वेगळ्या कारणाने आठवेल. मूलोद्योगाच्या शाळांत मुले टकळीवरचे सूत फाळक्यावर उतरवीत, तेव्हा चार चार फुटांचे ६४० फेरे मोजले की एक गुंडी होत असे. त्या काळी मोजणी चुकली की गुंडी तोकडी भरे, आणि मुलाला ती पुन्हा मोजावी लागे.

तयार कॉइल विजेच्या घरगुती पुरवठ्याला कोणत्याही कारणाने जोडू नये. याबाबत कोणताही अपवाद करू नये. २३० व्होल्टवर चालणाऱ्या कॉइलीला विशिष्ट आवरणे, वार्निश आणि चाचण्या लागतात, आणि ते काम शिकलेल्या कारागिराचेच आहे. शाळेतील कॉइल बॅटरीवर वापरावी. बॅटरीवरही हजार वेढ्यांच्या कॉइलचा प्रवाह तोडताना तिची उघडी टोके हातात धरू नयेत, कारण त्या क्षणी निर्माण होणारा दाब बॅटरीच्या दाबाहून कितीतरी अधिक असतो आणि बोटांना झटका बसतो. आज्ञावली चालू असताना मुलींच्या वेण्या, ओढण्या आणि बाह्या फिरत्या सळईपासून दूर असाव्यात.

कॉइल बरोबर झाली की नाही, याची परीक्षा गणितानेच घ्यावी. नळीचा बाहेरील व्यास १२ मिलिमीटर असेल आणि साडेबारा थरांची जाडी सुमारे ३ मिलिमीटर असेल, तर मधल्या वेढ्याचा व्यास १५ मिलिमीटर आणि परिघ सुमारे ४७ मिलिमीटर येतो. हजार वेढ्यांना ४७ मीटर तार लागली. इनॅमल वगळता तांब्याची जाडी सुमारे ०.२२ मिलिमीटर, अशा तारेचा रोध मीटरला ०.४५ ओहमच्या आसपास असतो. गुणाकार एकवीस ओहमच्या जवळ येतो. टोके खरवडून मल्टिमीटर लावावा. काटा मुळीच हलला नाही तर तार कोठे तरी तुटली आहे. पंधरासोळाच ओहम दाखवीत असेल तर आतील थर एकमेकांस जोडले गेले असावेत अथवा वेढे कमी पडले असावेत. एखाददुसरा वेढा जोडला गेला असेल तर तो या परीक्षेत सापडत नाही, हे मात्र स्पष्ट सांगावे. त्यानंतर पोकळ नळीतून एक शक्तिमान चुंबक भराभर मागेपुढे नेले असता कॉइलला जोडलेला लहान लाल एलईडी लुकलुकताना दिसतो. नळीच्या दोन्ही टोकांना बुचे लावावीत, म्हणजे चुंबक बाहेर पडून हरवणार नाही.

प्रत्येक कॉइलवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर वेढे, तारेची जाडी, मोजलेला रोध, दिनांक आणि गुंडाळणाऱ्या मुलांची नावे लिहावीत. हिशेबाने आलेला रोध आणि मल्टिमीटरने दाखविलेला रोध हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असावेत. गावातील रिवाइंडिंगचा कारागीर एखाद्या दुपारी शाळेत येऊ शकत असेल तर ती पट्टी त्याला वाचावयास द्यावी, आणि त्याच्या वहीतील आकडे मुलांना दाखविण्याची त्याला विनंती करावी.